रोजचं आकाशचित्र शाळेच्या पडद्यावर: नासाच्या एपीआयवर पहिलं वेब ॲप

सोमवार ते शुक्रवार चित्र दिसायचं आणि शनिवारी दिसायचं नाही. जून-जुलैत सलग तीन शनिवार हेच झालं. एका जिल्हा परिषद शाळेच्या बाईंना परिपाठात मुलांना रोज आकाशाचं एक चित्र दाखवायचं होतं, म्हणून मी त्यांना छोटं वेब ॲप करून दिलं होतं. सकाळी साडेसातला बाईंचा फोन आला, “दादा, आज परत पांढरं पान. पोरं समोर बसलीत.” मी घरी अकराच्या सुमारास उघडून बघायचो तेव्हा सगळं जागच्या जागी असायचं.

कारण सापडलं तेव्हा लक्षात आलं की माझ्या कोडमध्ये एक नाही, दोन चुका होत्या, आणि बाहेरून चित्रं आणणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये नवखा माणूस त्याच दोन करतो. म्हणून इथे तेच ॲप पहिल्या पायरीपासून पुन्हा बांधू. जावास्क्रिप्ट आणि एचटीएमएलची तोंडओळख असेल तर एका रविवारी होण्यासारखं काम आहे.

चित्रं येतात कुठून

नासाच्या संकेतस्थळावर १६ जून १९९५ पासून रोज खगोलशास्त्राचं एक चित्र लागतं. रॉबर्ट नेमिरॉफ आणि जेरी बोनेल या दोन खगोलशास्त्रज्ञांनी हे सुरू केलं. चित्राखाली जाणकाराने लिहिलेला छोटा परिच्छेद असतो. इंग्रजीत या उपक्रमाच्या नावाची आद्याक्षरं जोडून त्याला ‘एपॉड’ म्हणतात. हेच चित्र आणि हाच परिच्छेद आपल्या ॲपला मागता यावा म्हणून नासाने एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती मागायची ठरलेली वाट, खुला ठेवला आहे. पैसे लागत नाहीत, कार्डाचा नंबर द्यावा लागत नाही, आणि मागायचा पत्ता एकच आहे.

शिकायला मी हाच एपीआय सुचवतो, कारण तो साधा असूनही खरा आहे. किल्ली, मर्यादा, उशिरा येणारं चित्र, चित्राच्या जागी अचानक व्हिडिओ, दुसऱ्याचा कॉपीराइट, असं सगळं यात एकदा भेटतं. पुढे अनस्प्लॅश किंवा पेक्सेल्ससारख्या फोटोंच्या एपीआयकडे गेलात तरी कामाची रीत हीच राहते.

एक गोष्ट आधीच. आज्ञा, फाइलींची नावं आणि पत्ते मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत करायचे. मोठी अक्षरं लागतील तिथे सांगेन. जावास्क्रिप्टची स्वतःची नावं मात्र तिच्या नेहमीच्या लहान-मोठ्या अक्षरांतच लिहायची.

कोडला हात लावण्याआधी उत्तर वाचा

ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत हे टाका: एपीआय.नासा.गव्ह/प्लॅनेटरी/एपॉड?एपीआय_की=डेमो_की. शेवटचं ‘डेमो_की’ मोठ्या अक्षरांत, मध्ये अंडरस्कोर. किल्ली म्हणजे कोण मागतंय ते एपीआयला सांगणारी ओळ, आणि ही सगळ्यांसाठी उघडी ठेवलेली चाचणीची किल्ली आहे.

पडद्यावर महिरपी कंसातला मजकूर येईल. हे जेसन, म्हणजे नाव आणि त्यापुढे माहिती अशा जोड्यांत लिहायची पद्धत. घाई न करता ओळ न् ओळ वाचा. ‘डेट’ म्हणजे चित्राची तारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. ‘टायटल’ शीर्षक. ‘एक्स्प्लनेशन’ माहितीचा परिच्छेद. ‘यूआरएल’ नेहमीच्या आकाराच्या चित्राचा पत्ता आणि ‘एचडीयूआरएल’ मोठ्या चित्राचा. मग ‘मीडिया_टाइप’, जिथे बहुतेक दिवशी ‘इमेज’ लिहिलेलं असतं. काही दिवशी ‘कॉपीराइट’ नावाची जास्तीची ओळ असते, काही दिवशी ती नसतेच.

इथे नवख्यांचा नेहमी होणारा गोंधळ मिटवून टाकू. या उत्तरात चित्र नाही. चित्राचा पत्ता आहे. ॲप आधी एपीआयकडून पत्ता आणतं, तो पानावरच्या चित्राच्या टॅगमध्ये ठेवतं, आणि मग ब्राउझर त्या पत्त्यावर स्वतंत्रपणे जाऊन चित्र उचलतो. फेऱ्या दोन आहेत, आणि दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी फसू शकतात. पहिली फसली तर शीर्षकही येणार नाही. दुसरी फसली तर शीर्षक येईल आणि खाली मोडक्या चित्राची खूण दिसेल. काहीतरी बिघडलंय असं वाटलं की आधी एवढं ठरवा, कुठली फेरी फसली? अर्धा शोध तिथेच संपतो.

आता त्याच पत्त्याच्या शेवटी ‘&काउंट=२०’ जोडा, आकडा अर्थात इंग्रजीत. वेगवेगळ्या दिवसांची वीस चित्रं यादीसारखी येतील. त्यात ‘मीडिया_टाइप’पुढे ‘व्हिडिओ’ लिहिलेला दिवस शोधा. वीसात सापडला नाही तर पान पुन्हा उघडा. सापडल्यावर बघा, तिथे ‘एचडीयूआरएल’ नाही, आणि ‘यूआरएल’मध्ये बहुतेकदा यूट्यूबवरच्या व्हिडिओचा पत्ता आहे. हा पत्ता चित्राच्या टॅगमध्ये कोंबला तर काय दिसेल? काहीही नाही. मी हे आधी पाहिलं नव्हतं, तुम्ही पाहून ठेवा.

स्वतःची किल्ली

चाचणीच्या किल्लीवर एका आयपी पत्त्यावरून तासाला ३० आणि दिवसाला ५० मागण्या चालतात. घरी हे पुष्कळ वाटतं. शाळेच्या संगणक कक्षात मात्र सगळी यंत्रं एकाच जोडणीतून बाहेर पडतात, म्हणजे नासाला तो एकच आयपी दिसतो. चाळीस मुलांनी एका तासिकेत पान उघडलं की तासाची मर्यादा तिथेच संपली.

म्हणून एपीआय.नासा.गव्ह या पानावर नाव आणि ईमेल भरून स्वतःची किल्ली घ्या. लगेच मिळते. लांबलचक अक्षरं-आकड्यांची ओळ असते ती. तिच्यावर तासाला १००० मागण्या चालतात. मर्यादा ओलांडली तर उत्तराऐवजी ४२९ हा क्रमांक येतो. किती मागण्या उरल्यात ते प्रत्येक उत्तराच्या हेडरमध्ये ‘एक्स-रेटलिमिट-रिमेनिंग’ या नावाने लिहिलेलं असतं.

ही किल्ली ठेवायची कुठे? बऱ्याच शिकवण्यांमध्ये ती सरळ पानाच्या जावास्क्रिप्टमध्ये लिहून मोकळे होतात. तसं चालतं, कारण नासाचा एपीआय ब्राउझरमधून थेट मागू देतो. पण पानावर उजवं क्लिक करून सोर्स बघणाऱ्या कोणालाही ती दिसते. नासाच्या बाबतीत फार तर तुमची मर्यादा कोणीतरी वापरून टाकेल. उद्या पैसे मोजायला लावणारा एपीआय घेतलात तर तीच सवय खिशाला भोक पाडेल. सवय पहिल्या ॲपपासून लागते, म्हणून इथे किल्ली सर्व्हरवरच ठेवू. ब्राउझर आपल्या सर्व्हरला विचारेल आणि आपला सर्व्हर नासाला.

सर्व्हर

संगणकावर नोड हवा, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर. २२ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. टर्मिनलमध्ये ‘नोड -व्ही’ टाकून आवृत्ती बघता येते. ‘आकाश’ नावाचा फोल्डर करा, त्यात जाऊन ‘एनपीएम इनिट -वाय’ आणि मग ‘एनपीएम इन्स्टॉल एक्सप्रेस’ चालवा. एक्सप्रेस म्हणजे नोडवर सर्व्हर लिहायचं तयार पॅकेज. बाहेरून माहिती आणणारं ‘फेच’ नोडमध्ये १८व्या आवृत्तीपासून आतच आहे, त्यासाठी वेगळं पॅकेज लावू नका. जुन्या लेखांत तसं सुचवलेलं दिसेल, आता त्याची गरज नाही.

फोल्डरमध्ये ‘.ईएनव्ही’ नावाची फाइल करा, नावाआधीचा टिंब धरून. तिच्यात एकच ओळ, ‘नासा_की=’ आणि पुढे तुमची किल्ली. नाव मोठ्या अक्षरांत लिहायची रीत आहे. अवतरणचिन्हं नकोत, मोकळ्या जागा नकोत. लगेच दुसरी फाइल ‘.गिटइग्नोर’, तिच्यात दोन ओळी: ‘नोड_मॉड्यूल्स’ आणि ‘.ईएनव्ही’. गिट म्हणजे कोडचा इतिहास जपणारं साधन आणि कमिट म्हणजे त्यातली एक नोंद. पहिली कमिट करण्याआधी हे झालंच पाहिजे. किल्ली एकदा गिटच्या इतिहासात गेली की पुढच्या कमिटमध्ये पुसून उपयोग नाही, जुन्या कमिटमध्ये ती वाचता येते. तसं झालंच तर वेळ न घालवता नवी किल्ली घ्या आणि जुनी वापरणं बंद करा.

आता ‘सर्व्हर.एमजेएस’. ‘एमजेएस’ शेपटी लावली की ‘इम्पोर्ट’ विनासायास चालतं. या फाइलची कामं तीन. ‘पब्लिक’ फोल्डरमधली पानं ब्राउझरला देणं, हे एक्सप्रेसच्या ‘स्टॅटिक’ने एका ओळीत होतं. ‘/एपीआय/चित्र’ या वाटेवर विचारणा आली की चित्राची माहिती देणं. आणि एखाद्या पोर्टवर ऐकत बसणं. पोर्ट ‘प्रोसेस.ईएनव्ही.पोर्ट’मधून (शेवटचं ‘पोर्ट’ मोठ्या अक्षरांत) घ्या आणि तो नसेल तर ३००० धरा, म्हणजे पुढे होस्टिंगवर टाकताना बदल करावा लागणार नाही.

चालवायची आज्ञा ‘नोड --ईएनव्ही-फाइल=.ईएनव्ही सर्व्हर.एमजेएस’. किल्ली फाइलमधून उचलून ‘प्रोसेस.ईएनव्ही’मध्ये ठेवण्याचं काम नोड स्वतः करतो.

नासाकडे मागणी करणारं फंक्शन वेगळं लिहा. मी त्याचं नाव ‘नासाकडूनआण’ ठेवलं, कोडमध्ये रोमन अक्षरांत पण शब्द मराठीच. त्यात पत्ता तयार होतो, किल्ली जोडली जाते, आणि ‘थम्ब्स=ट्रू’ हेही जोडलेलं असतं. या शेवटच्या शब्दाने व्हिडिओच्या दिवशी उत्तरात ‘थंबनेल_यूआरएल’ येतं, म्हणजे व्हिडिओचं झलकचित्र. चित्राच्या दिवशी त्याचा काही त्रास नाही.

आणि आता माझी पहिली चूक. ‘फेच’ने आणलेलं उत्तर मी न तपासता पुढे ढकललं. ‘फेच’ जोडणी तुटली तरच ओरडतं. समोरून चूक सांगणारा क्रमांक आला, ४०० आलं, ४२९ आलं, ५०० आलं, तरी त्याच्या लेखी ‘उत्तर आलं, काम झालं’. म्हणून उत्तर हातात पडल्याबरोबर ‘रिस्पॉन्स.ओके’ तपासायचं आणि ते खोटं असेल तर आपणच एरर टाकायची, तिच्यात उत्तराचा क्रमांक घालून. मी हे केलं नव्हतं, त्यामुळे शनिवारी नासाकडून आलेलं ‘चूक आहे’ हे उत्तर चित्राची माहिती समजून माझ्या पानाने वाचलं. त्यात ना शीर्षक, ना पत्ता. उरलं पांढरं पान.

त्याच फंक्शनमध्ये ‘फेच’ला ‘ॲबॉर्टसिग्नल.टाइमआउट(८०००)’ द्या. आठ सेकंदांत उत्तर आलं नाही तर सोडून द्यायचं. हे नसेल तर समोरची सेवा रेंगाळली की तुमचं पान तिच्याबरोबर ताटकळत राहतं.

विहीर शेजाऱ्याची, माठ आपला

शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी भरायला मुभा आहे म्हणून तहान लागली की दर वेळी कोणी तांब्या घेऊन जात नाही. सकाळी घागर आणून माठ भरतो. आकाशचित्र दिवसातून एकदा बदलतं, तर ते दर मुलासाठी नव्याने कशाला मागायचं?

सर्व्हरच्या फाइलमध्ये वर एक चल ठेवा, त्याचं नाव ‘माठ’. त्यात शेवटचं चांगलं उत्तर आणि ते आणलं तेव्हाची वेळ. ‘/एपीआय/चित्र’वर विचारणा आली की आधी माठ बघायचा. उत्तर तासाभराच्या आतलं असेल तर तेच द्यायचं. जुनं झालं असेल तर नासाकडून आणायचं, माठ भरायचा, मग द्यायचं. तासाला एक म्हणजे दिवसभरात फार तर २४ मागण्या, मग पान उघडणारे चाळीस असोत की चार हजार. मर्यादेची काळजी इथेच संपली.

नासाने उत्तर दिलं नाही तर? माठात जे आहे ते द्या आणि सोबत ‘शिळं: खरं’ अशी खूण पाठवा. पानावर तिच्यावरून “आजचं चित्र अजून आलेलं नाही, हे आधीचं आहे” अशी ओळ दाखवता येते. परिपाठाला बसलेल्या मुलांना आदल्या दिवसाची तेजोमेघाची छबी चालते. रिकामा पडदा चालत नाही. माठही रिकामा असेल, म्हणजे सर्व्हर नुकताच सुरू झालाय आणि नासाही गप्प आहे, तर ५०३ क्रमांकासह साधा मराठी निरोप पाठवा. त्याहून चांगलं म्हणजे ‘पब्लिक’मध्ये स्वतः काढलेलं एखादं चित्र ठेवून द्या, आणीबाणीला तेच दाखवा. मी चंद्राचा एक फोटो ठेवला आहे, घराच्या गच्चीवरून घेतलेला.

थोडं पुढचं, पण एकदा समजून घ्या. माठ शिळा झाला त्याच क्षणी दहा विचारण्या एकदम आल्या तर दहाही नासाकडे पळतील. ते टाळायला चालू असलेली मागणीच एका चलात धरून ठेवायची. ‘फेच’ आधी प्रॉमिस देतं, म्हणजे पुढे येणाऱ्या उत्तराची पावती, तेच प्रॉमिस ठेवायचं. दुसरी विचारणा आली आणि ते चल भरलेलं दिसलं की नवी मागणी न करता त्याच प्रॉमिसची वाट बघायची. काम झालं, फसलं, काहीही झालं तरी शेवटी चल रिकामं करायचं. ते ‘फायनली’मध्ये करा. नाहीतर एकदा फसलेलं प्रॉमिस तिथेच अडकून बसेल आणि सर्व्हर बंद करून सुरू करेपर्यंत सगळ्यांना तीच एरर मिळत राहील.

शनिवारची गोष्ट

आता दुसरी चूक. पान उघडल्यावर आजची तारीख तयार करून मी ती नासाला पाठवत होतो, ‘अमुक तारखेचं चित्र दे’. नवीन चित्र लागतं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र झाली की. तिथे उन्हाळी वेळ (घड्याळं तासभर पुढे) चालू असते तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेदहा. उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते.

सोमवार ते शुक्रवार बाईंचा परिपाठ साडेदहानंतर. शनिवारी सकाळची शाळा, परिपाठ साडेसातला. त्या वेळी नासाच्या घड्याळात शुक्रवारची रात्र चालू होती आणि माझं ॲप शनिवारचं चित्र मागत होतं. नासाने बरोबर उत्तर दिलं, १६ जून १९९५ ते आजच्या दरम्यानची तारीख द्या, आणि क्रमांक ४००. मी अकराला बघायचो तोवर तिकडेही शनिवार उजाडलेला असायचा.

यावरचा उपाय सोपा आहे. आजचं चित्र मागताना तारीख पाठवूच नका. तारीख दिली नाही की एपीआय त्याच्या दृष्टीने सर्वांत ताजं चित्र देतो, आणि कुठल्या दिवसाचं ते उत्तरातल्या ‘डेट’मध्ये असतं. पानावर तीच तारीख छापा. भारतातलं घड्याळ मध्ये आणायचंच नाही.

काहीजण ‘टूआयएसओस्ट्रिंग’ने तारीख काढतात आणि प्रश्न सुटला असं समजतात. ती ग्रिनिचची तारीख असते. ती आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते, म्हणजे साडेपाच ते साडेनऊ घोळ तसाच. नासाच्या बाजूची आजची तारीख खरोखर लागलीच, आणि पुढे वाढदिवसाच्या भागात ती लागेल, तर ‘टूलोकेलडेटस्ट्रिंग’ला भाषा म्हणून ‘ईएन-सीए’ आणि ‘टाइमझोन’ म्हणून ‘अमेरिका/न्यू_यॉर्क’ द्या. कॅनडाच्या इंग्रजीत तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहितात, त्यामुळे ती आयती एपीआयला चालेल अशी मिळते. उन्हाळी-हिवाळी वेळेचा हिशोबही आपोआप होतो.

पान

‘पब्लिक’मध्ये ‘इंडेक्स.एचटीएमएल’ करा. सुरुवातीच्या टॅगला ‘लँग=एमआर’ द्या. माहितीचा परिच्छेद इंग्रजीत येतो, त्या टॅगला वेगळं ‘लँग=ईएन’ द्या. हे सजावटीसाठी नाही. पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माणसाला यामुळेच मराठी मराठीसारखं आणि इंग्रजी इंग्रजीसारखं ऐकू येतं.

पानाची स्क्रिप्ट ‘/एपीआय/चित्र’ला विचारते आणि उत्तर जागोजागी भरते. भरताना ‘टेक्स्टकंटेंट’ वापरा. ‘इनरएचटीएमएल’ने भरलंत तर बाहेरून आलेला मजकूर तुमच्या पानावर कोड म्हणून चालू शकतो. नासावर विश्वास आहे हे खरं, पण बाहेरून आलेला मजकूर हा बाहेरचाच. चित्राच्या ‘आल्ट’मध्ये शीर्षक घाला.

मग फाटे. ‘मीडिया_टाइप’ जर ‘इमेज’ असेल तर ‘यूआरएल’ चित्राच्या टॅगमध्ये. ‘व्हिडिओ’ असेल तर झलकचित्र दाखवा आणि त्यावर व्हिडिओकडे नेणारा दुवा ठेवा. व्हिडिओ पानातच बसवायचा मोह होतो. पण शाळेच्या नेटवर तो अडखळतो आणि प्रत्येक व्हिडिओचा पत्ता एकाच धाटणीचा असेल याची खात्री धरता येत नाही. तिसरं काही आलं किंवा ‘यूआरएल’च नसेल तर शीर्षक, माहिती आणि आपलं ठेवणीतलं चित्र. हा तिसरा फाटा लिहायला विसरू नका.

चित्राच्या टॅगला ‘ऑनएरर’ लावा, म्हणजे दुसरी फेरी फसली तरी ठेवणीतलं चित्र येईल. त्यात एक खबरदारी घ्या. ठेवणीतलं चित्रही सापडलं नाही तर तेच ‘ऑनएरर’ पुन्हा पुन्हा चालत राहील, म्हणून आत शिरल्या शिरल्या ते काढून टाका.

‘एचडीयूआरएल’ पानावर थेट लावू नका. त्या फाइली कित्येकदा अनेक एमबींच्या असतात. बाईंच्या शाळेत नेट म्हणजे त्यांच्याच मोबाइलचा हॉटस्पॉट. चित्रावर बोट ठेवल्यावर मोठं उघडेल अशी सोय पुरे आहे. सीएसएसमध्ये चित्राला कमाल रुंदी शंभर टक्के द्या आणि त्याच्या चौकटीला किमान उंची ठरवून द्या, नाहीतर चित्र येईपर्यंत मजकूर वर असतो आणि आल्यावर धाडकन खाली सरकतो. मराठी मजकुरासाठी मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्त’ फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. ओळींमधलं अंतर १.६ च्या आसपास ठेवा. इंग्रजीला पुरतं तेवढं अंतर ठेवलं तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांना घासतात.

तारीख मराठीत छापायला ब्राउझरमधलं ‘इंटल.डेटटाइमफॉरमॅट’ आहे. त्याला ‘एमआर-आयएन’ आणि ‘डेटस्टाइल’ म्हणून ‘लाँग’ दिलं की महिन्याचं नाव मराठीत आणि आकडे देवनागरीत येतात. सोबत ‘टाइमझोन’ म्हणून ‘यूटीसी’ देणं फार महत्त्वाचं. नुसती तारीख दिली की जावास्क्रिप्ट ती ग्रिनिचच्या मध्यरात्रीची धरतं. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच, त्यामुळे तारीख बरोबर दिसते आणि चूक झाकून राहते. न्यू जर्सीतल्या तुमच्या मावशीने तेच पान उघडलं तर तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते आणि तिला कालची तारीख दिसते.

वाढदिवसाचं चित्र

रोजचं चित्र जमलं की मुलं हे मागतातच. “माझ्या वाढदिवसाला काय होतं?” पानावर तारीख निवडायची पेटी ठेवा, तिचं ‘मिन’ १९९५-०६-१६ आणि ‘मॅक्स’ नासाच्या बाजूची आजची तारीख. सर्व्हरवर ‘/एपीआय/चित्र/’ आणि पुढे तारीख अशी दुसरी वाट करा. ब्राउझरमधल्या पेटीवर विसंबू नका, सर्व्हरनेही तारखेचा साचा आणि दोन्ही टोकं तपासायची. पत्त्यात काहीही लिहून पाठवता येतं.

जुन्या दिवसाचं चित्र बदलत नाही. म्हणून त्यांच्यासाठी ‘मॅप’ वापरून वेगळा माठ ठेवा, तारीख ही खूण आणि उत्तर ही वस्तू. त्याला तासाची मुदत नको.

१७, १८ आणि १९ जून १९९५ या तीन तारखा मुद्दाम मागून बघा. पहिलं चित्र १६ जूनला लागलं आणि दुसरं एकदम २० जूनला, मधले तीन दिवस रिकामे आहेत. तारीख तुमच्या तपासणीतून पास होते आणि तरीही चित्र मिळत नाही. असा दिवस चाचणीला फुकट मिळालाय तर वापरून घ्या. बाईंची जन्मतारीख १९९५ च्या आधीची होती. त्यांच्यासाठी मी एवढंच केलं, की वर्ष त्याआधीचं असेल तर तोच दिवस आणि महिना १९९६ मध्ये बघायचा. १९९६ लीप वर्ष असल्याने २९ फेब्रुवारीवाल्यांचीही सोय झाली.

चित्र कोणाचं

उत्तरात ‘कॉपीराइट’ची ओळ असेल तर ते चित्र त्या व्यक्तीचं आहे. कित्येक चित्रं हौशी छायाचित्रकारांनी थंडीत रात्र रात्र जागून घेतलेली असतात. त्यांचं नाव चित्राखाली ठळक दिसलं पाहिजे. नावाच्या मागेपुढे कधी कधी रिकाम्या ओळी चिकटून येतात, ‘ट्रिम’ने त्या काढा. असं चित्र शाळेच्या कॅलेंडरवर किंवा स्मरणिकेत छापायचं असेल तर त्या माणसाची परवानगी घ्यावी लागेल, एपीआयने पत्ता दिला म्हणजे हक्क दिला असं होत नाही. ओळ नसेल तर चित्र बहुधा सर्वांसाठी खुलं असतं, तरीही श्रेय द्या. नासाचं निळं बोधचिन्ह मात्र सजावटीला लावू नका. त्याच्या वापराचे नियम कडक आहेत, आणि तुमचं ॲप नासाचं आहे असा समज व्हायला नको.

बाहेर टाकणं

नोड चालवणारं कुठलंही होस्टिंग चालेल. कोड गिटवरून जातो, किल्ली जात नाही. ती होस्टच्या पॅनलमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून, ‘.ईएनव्ही’तल्याच नावाने टाकायची. सुरू करायच्या आज्ञेत ‘--ईएनव्ही-फाइल’ ठेवू नका, तिथे ती फाइल नसते आणि नोड अडून बसतो. फुकटच्या योजनांमध्ये वापर नसला की सर्व्हर झोपतो, जागा व्हायला वेळ घेतो आणि माठही रिकामा झालेला असतो. बाईंना मी सांगून ठेवलंय, पोरं रांगेत बसायला लागली की पान उघडून ठेवा.

कोणाला दुवा देण्याआधी चार गोष्टी स्वतः करून बघा. किल्लीतलं एक अक्षर मुद्दाम चुकवून पान उघडा. सर्व्हर चालू ठेवून नेट तोडा आणि माठातलं शीर्षक येतंय का ते पाहा, चित्राच्या जागी ठेवणीतलं आलं तरी चालेल. व्हिडिओच्या दिवसाची तारीख मागा. आणि सकाळी साडेनऊच्या आत एकदा उघडा.

बाईंच्या वर्गात शनिवारी सकाळी साडेसातला आता शुक्रवारचं चित्र येतं, खाली शुक्रवारची तारीख मराठीत. पहिल्याच शनिवारी पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, आज शनिवार आहे ना? मग हे कालचं कसं?” बाईंनी खडू घेतला, फळ्यावर एक गोल काढला, एका बाजूला भारत लिहिलं, दुसऱ्या बाजूला अमेरिका, आणि सूर्य कुठे काढायचा ते त्या मुलीलाच विचारलं.